चार सामने

बहारीनला, मनामाच्या बाजारातल्या माझ्या दुकानात काउंटरच्या काचेखाली एक फोटो असे. अकरा खेळाडू, पाच खाली बसलेले, सहा मागे उभे, सगळ्यांनी छातीवर हाताची घडी घातलेली. गिऱ्हाईक विचारायचं, हे कोण? मी सांगायचो, चिनी आहेत, फुटबॉलवाले. त्यावर बूट विकले जायचे. फोटो माझा नव्हता. ज्याचा होता त्याने तो परत मागितला नाही, आणि या गोष्टीचा राग माझ्या मनातून इतक्या वर्षांत गेलेला नाही.

मी गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावचा. आई आठवड्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची. भाव करायला मी तिच्याकडून शिकलो. तिचा नियम एकच होता, हवा त्याच्या दुप्पट भाव सांगायचा. गिऱ्हाईक अर्ध्यावर येणारच. "त्याला जिंकल्यासारखं वाटू दे, आपल्याला आपला भाव मिळू दे," ती म्हणायची. "पहिल्यांदाच खरा भाव सांगितलास तर तो त्याच्याही अर्ध्याने मागेल. मग तू काय खाशील, टोपली?"

या एका नियमावर मी बहारीनमध्ये उभा राहिलो. एका बांधकाम कंत्राटदाराच्या गोदामात स्टोअरकीपर म्हणून आलो, सहा वर्षं सिमेंटच्या धुळीत काढली आणि एका स्थानिक माणसाच्या लायसन्सवर खेळाच्या सामानाचं दुकान टाकलं. जालंधरचे फुटबॉल, सियालकोटचे बूट, बॅडमिंटनची फुलं. मला कोणी काही फुकट दिलं नाही, आणि मीही कोणाला दिलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका शुक्रवारी सकाळी तो दुकानात आला. पन्नाशीचा, सडपातळ, पाय किंचित आत वळवून चालणारा. हिद्दच्या बाजूला जहाजदुरुस्तीचं आवार होतं, तिथे वेल्डर होता. कोरियन कामगार तेव्हा इतके होते की मी त्यालाही कोरियन समजलो. तो हाँगकाँगचा निघाला. हिंदी बाजारापुरतं, इंग्रजीही तेवढंच. त्याने शेल्फवरचा फुटबॉल उचलला, दोन्ही अंगठ्यांनी दाबला आणि म्हणाला, "हा गोल नाही."

"गोल नाही तर काय चौकोनी आहे?" मी म्हटलं.

त्याने चेंडू फरशीवर हलकेच सोडला. तो चार फूट सरळ गेला आणि डावीकडे वळला. दुसरा सोडला, तोही वळला. असे सहा झाले. माझा मेहुणा दुकानात हाताखाली होता, तो हसू दाबत एकेक चेंडू गोळा करून आणत होता. सातवा सरळ भिंतीपर्यंत गेला.

"हा," तो म्हणाला.

मी भाव सांगितला, अर्थात दुप्पट. त्याने आपला आकडा सांगितला. मी थोडा खाली आलो. तो गप्प. मी आणखी खाली आलो. त्याने चेंडू काउंटरवर ठेवला आणि बाहेर पडला. मला काळजी नव्हती. गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडापर्यंत जातं, तिथे पाऊल रेंगाळतं, मान वळते, मग आपण हाक मारायची. हे गावात तसंच आणि मनामातही तसंच.

मेहुणा दारातून बघत होता. "भावोजी, हा गेला की खरंच."

"येईल."

"अहो, वळला पण त्या कोपऱ्यावर."

शेवटी त्याला पळत पाठवून परत आणवला. चेंडू त्याच्या आकड्याला दिला. त्याचा आकडा बरोबर होता, अगदी माझ्या मनातला, आणि मला जास्त राग त्याचाच आला.

पण त्या दिवसापासून तो दर शुक्रवारी येऊ लागला. आवारातल्या कामगारांची एक टीम होती, मल्याळी, गोवेकर, दोघे आपल्या देवरुखकडचे. वाळूच्या मैदानावर तो त्यांना शिकवायचा. सगळे त्याला मास्टर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. तो मला सेठ म्हणायचा. मी सेठ नव्हतो, पण कोणी म्हटलं तर अडवायचो नाही.

मी मैदानावर जाऊन बसायचो. फुटबॉलमधलं मला विकण्यापुरतं कळतं, पण तो चेंडू पायाखाली घ्यायचा तेव्हा बाकीचे सगळे उगाचच पळतायत असं वाटायचं. कपाळावर केसांच्या मुळाशी त्याला एक आडवा वण होता. त्यांच्या काळात चेंडूला वरून चामड्याच्या वादीची गाठ असायची. पावसात चेंडू भिजून दगडासारखा व्हायचा, आणि डोक्याने मारताना ती गाठ कपाळात शिरायची. "डोळे मिटायचे नाहीत," तो आमच्या गोवेकर सेंटर फॉरवर्डला सांगायचा. "मिटले, की गाठ लागते. मी एकदाच मिटले."

त्याची हकिकत मला तुकड्यातुकड्याने कळली. कँटनजवळचं खेडं. तरुणपणी तिकडेच मोठ्या संघात खेळला. मग आईला मागे ठेवून हाँगकाँगला आला आणि तिथे खेळला. मग गुडघा गेला आणि तो वेल्डिंग शिकला. एकदा दुकानात चहा पिताना त्याने आपण होऊन सुरुवात केली. "सेठ, चीन दोन आहेत. शर्ट पण दोन आहेत. मी पहिला..." तेवढ्यात एका शाळेचा माणूस बॅडमिंटनच्या फुलांच्या तीन डझन डब्यांची ऑर्डर घेऊन आला. मी उठलो. ऑर्डर झाली तेव्हा मास्टरचा चहा संपलेला होता. त्याने ती गोष्ट पुन्हा काढली नाही आणि मीही विचारली नाही. गिऱ्हाईक असताना गप्पा कोण मारतं?

फोटो मीच मागून घेतला. त्याच्या पाकिटात तो दुमडून होता. मी म्हटलं, काचेखाली सपाट राहील, जपला जाईल, आणि दुकानालाही शोभा. तो घुटमळला.

"परत देशील?"

"अरे मास्टर, तुझाच आहे. मागशील तेव्हा घे."

त्याने खालच्या रांगेत उजवीकडून दुसऱ्या पोरसवदा चेहऱ्यावर नख ठेवलं. "हा मी," म्हणाला.

पुढल्या वर्षी त्याचं आवारातलं कंत्राट संपत आलं. परांचीवर चढणं गुडघ्याला झेपत नव्हतं, त्यामुळे ते वाढवून मिळणार नव्हतं. हाँगकाँगला मुलाची एक खोली होती, त्यात सून आणि तीन नातवंडं. त्याला तिथे पॅसेजमध्ये झोपावं लागणार होतं. नेमकं त्याच वेळी जिदहफ्सच्या बाजूचा एक छोटा क्लब मुलांच्या टीमसाठी कोच शोधत होता. त्यांचे शर्ट माझ्याकडून जायचे. क्लबचा अध्यक्ष म्हणजे सिमेंटचा म्हातारा व्यापारी, माझ्या गोदामाच्या दिवसांपासून ओळखीचा. क्लबने घेतलं तर व्हिसा त्यांचा, राहायला खोली त्यांची. मास्टर इथेच राहिला असता, आणि फुटबॉलमध्ये राहिला असता.

आयुष्यात त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "सेठ, तू बोल त्यांच्याशी. तुला बोलता येतं."

"काय सांगू?"

"मी खेळलो ते सांग."

"किती खेळलास? देशासाठी?"

तो थोडा थांबला. "चार मॅच. एक गोल."

चार. मी मनात लगेच हिशेब मांडला. चारचे अर्धे दोन. दोन मॅच खेळलेल्या म्हाताऱ्याला कोण ठेवतं? चारचे आठ सांगावेत, तर आठ कसे भिकार वाटतात. तेही बोलतील, घासाघीस करतील, म्हणतील पाच-सहाच असतील. अध्यक्षासमोर बसलो आणि माझी जीभ विसावर जाऊन थांबली. वीस मॅचेस आणि नऊ गोल. म्हाताऱ्याने भुवई वर केली नाही, की "काहीतरीच" म्हटलं नाही. नुसती मान हलवली आणि पुतण्याला ते लिहून घ्यायला सांगितलं. ज्याने भाव पाडला नाही, त्याने तो खरा धरला आहे, हे मला तिथेच कळायला हवं होतं. मी मात्र खूश होऊन बाहेर आलो.

मास्टरला मी विसाचं सांगितलं नाही. विकायच्या मालाला कोणी त्याचा भाव सांगत नाही. हे वाक्य तेव्हा मी मेहुण्याला मोठ्या ऐटीत ऐकवलं होतं.

"भावोजी, माणूस आहे तो, चेंडू नाही," तो म्हणाला.

"तू चेंडू मोज."

आठवड्याने अध्यक्षाने दोघांना त्यांच्या मजलिसीत, गावाच्या बैठकीच्या खोलीत, बोलावलं. असरची, दुपार कलल्यावरची नमाज झाल्यावर गेलो. भिंतीला लागून गाद्या, त्यांवर गावातली दहा-बारा वडीलधारी माणसं, मधे कॉफीची सुरई. मास्टरने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, कॉलरचं बटण लावून. छोट्या पेल्यांतून कॉफी फिरली. दुसऱ्या पेल्यानंतर मी पेला हलवून बस म्हटलं, माझं बघून त्यानेही हलवला. मग अध्यक्षाने सगळ्यांना त्याची ओळख करून दिली. अरबी मला कामापुरती कळायची, पण वीस हा आकडा मी ओळखला. माणसं वाकून वाकून त्याच्याकडे पाहू लागली. एका म्हाताऱ्याने उठून त्याच्याशी हात मिळवला.

मास्टरने पुतण्याला विचारलं, "काय म्हणाले?"

पुतण्या इंग्रजी शिकलेला. त्याने हसत सांगितलं, "काका म्हणतात, देशासाठी वीस मॅच खेळलेला माणूस आमच्या गावात आला."

मी मास्टरच्या गुडघ्याला गुडघा लावला, दाबला. बाजारात दोघे भागीदार असतात तेव्हा याचा अर्थ कोणालाही कळतो.

"चार," मास्टर म्हणाला.

पुतण्या माझ्याकडे बघू लागला. मी घाईने म्हटलं, "फार साधा माणूस आहे. स्वतःचं कमी करून सांगतो. सवय आहे त्याला."

"चार," मास्टर पुन्हा म्हणाला आणि अध्यक्षाकडे तोंड करून त्याने चार बोटं वर केली. मग एक बोट. "गोल, एक."

अध्यक्ष रागावला नाही. तो रागावला असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं, रागाची मला सवय आहे. तो माझ्याशी सावकाश, मला कळेल अशा अरबीत बोलला.

"चार आम्हाला पुष्कळ होते. आमच्या पोरांनी एक मॅच खेळलेला माणूस पाहिलेला नाही. पण तू वीस आणलेस. आता उद्या कोणी विचारलं, चारसुद्धा खरे का, तर मी काय सांगू?"

"शेख, बाजारात आपण..."

"हा बाजार नव्हता," तो म्हणाला. मग मास्टरकडे वळून त्याने छातीवर हात ठेवला. "कळवतो. इंशाल्ला."

बाजारातला इंशाल्ला कुठे हो असतो आणि कुठे नाही, हे मला कळतं. हा नाही होता.

माझ्या पिकअपमध्ये परत येताना मी तोंड सोडलं. पाच मिनिटं गप्प बसला असतास तर? तुझा काय पैसा जात होता? मी तुझ्यासाठी गेलो, माझा धंदा सोडून, माझी ओळख खर्चून, आणि तू चार बोटं वर करतोस? तो समोर बघत होता. गप्प माणसावर माझा राग वाढत जातो, घरी आमच्या हिलाही ते ठाऊक आहे. एका चौकात गाडी उभी असताना मी म्हटलं, "आणि काय रे, ते चार तरी खेळलास का खरंच? की फोटो दुसऱ्याच कोणाचा आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळे न मिटता. मग दार उघडलं, खाली उतरला, दार नीट लावलं आणि फुटपाथवरून चालू लागला, पाय किंचित आत वळवून. मागून हॉर्न वाजू लागले. मी पाहत राहिलो. मला वाटलं, पुढच्या कोपऱ्यावर थांबेल.

त्या शुक्रवारी तो दुकानात आला नाही. पुढच्याही नाही.

"भावोजी, जाऊन या," मेहुणा म्हणाला. "दहा मिनिटांचं बोलणं. चुकलं म्हणा, मोकळे व्हा."

"मी का जाऊ? फोटो त्याचा माझ्याकडे आहे. येईल."

"तो कोपऱ्यावरून वळत नाही हो. तुम्हीच पाहिलंयत."

"तुला फार कळतं."

"मला नाही कळत. मी फक्त पळत जातो त्यांच्यामागे." पण या वेळी त्याला मी पाठवलं नाही.

चौथ्या शुक्रवारी मी गेलो. मेहुण्याला सांगितलं बँकेच्या माणसाकडे जातोय, अदलियात. आवाराच्या कामगारांच्या कँपमध्ये त्याची खाट मोकळी होती. कंत्राटाचे दोन महिने उरले असताना त्याने स्वतः अर्ज देऊन सुटका मागून घेतली होती. मंगळवारच्या विमानाने गेला. गोवेकर सेंटर फॉरवर्ड मैदानावर होता. पायात तोच सातवा चेंडू.

"माझ्यासाठी काही ठेवलंय का?"

"नाही, अंकल."

"निरोप?"

"तुमचं नाव नाही काढलं." त्याने चेंडू उचलून काखेत धरला, जणू तो मी परत मागायला आलोय.

पुढची काही वर्षं माझी चांगली गेली. दुकानाची दोन झाली, माहूजला फ्लॅट घेऊन बायकामुलांना आणलं. फोटोची काच दोनदा बदलली. कोणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगायचो, पण माझ्या बाजूने. मी एका माणसाचं भलं करायला गेलो, त्याने भर सभेत माझं तोंड काळं केलं, आणि वर निरोपही न घेता गेला. ऐकणारे म्हणायचे, जमाना तसाच आहे. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

ऐंशीचं दशक अर्धं उलटल्यावर हाँगकाँगचा एक विक्रेता बुटांचे नमुने घेऊन दुकानात आला. चाळिशीचा, सुटाबुटातला, तोंडात इंग्रजी सफाईदार. आमचा भाव चालला होता, मी त्याला अर्ध्यावर आणत आणला होता. नमुन्याची पेटी बंद करायला तो काउंटरवर वाकला आणि तसाच राहिला.

"हे तुमच्याकडे कसं?" त्याने खालच्या रांगेत उजवीकडून दुसऱ्यावर बोट ठेवलं. मी काही दाखवलं नव्हतं. "याला मी बघितलंय. वडिलांच्या खांद्यावर बसून. आमच्या गल्लीत खेळताना याचं नाव कोणी घ्यायचं यावरून मारामाऱ्या व्हायच्या."

"हा? हा तर चारच मॅच खेळला," मी म्हटलं.

"चार? पंधरा, वीस तरी असतील. गुडघा गेला म्हणून, नाहीतर आणखी खेळला असता. चार कोणी सांगितलं?"

"त्यानेच."

तो विक्रेता स्टूल ओढून बसला आणि समजावून सांगावं तसं सांगू लागला. हा माणूस आधी पलीकडे, चीनमध्येच, त्यांच्या संघातून खेळत होता. तिथे चार खेळला असेल, हे तो आज पहिल्यांदा ऐकत होता. मग पळून हाँगकाँगला आला. हाँगकाँगच्या चिनी खेळाडूंना तैवानचं सरकार आपल्या संघात घ्यायचं. त्या शर्टात तो खेळला, पुष्कळ खेळला, नाव झालं. पलीकडच्यांनी त्याला गद्दार ठरवला आणि कागदांवरून त्याचं नाव पुसलं. आई आणि धाकटा भाऊ गावात मागे राहिले होते, त्यांना ते भोगावं लागलं. भाऊ त्यातच गेला असं लोक म्हणत. "आमच्याकडे अशा माणसाला कोणी विचारत नाही, देशासाठी किती खेळलास म्हणून," तो म्हणाला. "विचारलं, तर तो काय सांगेल बिचारा?"

मी विचारलं होतं. तो थोडा थांबला होता आणि मग चार म्हणाला होता. पहिल्या शर्टातले तेवढेच त्याने देशाचे धरले होते.

म्हणजे माझे वीस बरोबर होते. मी हवेतून काढलेला आकडा खरा होता, आणि सगळी खोली मला खोटा समजून उठली. मला इतका संताप आला की समोरचा नमुन्याचा बूट मी पेटीत फेकला. त्याने एकदा तोंड उघडून सांगायला काय हरकत होती? मग मला ती शाळेची ऑर्डर आठवली, फुलांचे तीन डझन डबे. तो सांगत होता. मीच उठलो होतो.

विक्रेत्याने विचारलं, "हा फोटो देता का? मी तिकडे शोधीन त्याला. असला तर हातात देईन."

मेहुणा शेल्फ लावायचं थांबला होता.

माल हातचा सोडायचा नाही, आधी समोरच्याने हात पुढे करायचा, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की मी दुसरा विचार करायच्या आत बोलून गेलो, "त्याला शोधून काढा. त्याला सांगा, पत्र लिहून माग म्हणावं. मी पाठवतो."

"भावोजी," मेहुणा म्हणाला.

"तू गप्प."

विक्रेत्याने मान हलवली, पत्ता लिहून घेतला, भाव मी म्हणालो तोच मान्य केला आणि गेला. त्याचा माल दोन वर्षं येत राहिला. एकदा त्याने बिलाबरोबर दोन ओळी लिहिल्या होत्या, ओळखीच्या कोणाला तरी निरोप दिलाय, तो बहुतेक पोचलाय. त्यापुढे काही नाही.

दुकानं मी नंतर विकली. काउंटर काचेसकट गेला, फोटो तेवढा काढून घेतला. आमची ही म्हणते, कुठेतरी पाठवून टाका एकदाचा, कोणत्यातरी क्लबला, पेपरला. मेहुणा आता काही म्हणत नाही. मला तो पाठवायचा नाही. त्याने मागितला तर मला त्याच्याशी बोलायला कारण मिळेल, आणि पिकअपमध्ये जे बोललो ते मागे घेता येईल. माझ्याजवळ त्याचं दुसरं काही नाही.

आता तो ऐंशीच्या घरात असेल, असला तर. फार काही नको. त्याने फोटो एकदा मागितला तरी पुरे.